ब तुकडीची शिकवणी

चहा गार होऊ देऊ नका, हकिकत जरा लांब आहे. खरे म्हणजे ही मी कोणालाच सांगणार नव्हते. पण परवा प्रणाली तुमच्याकडे येऊन गेली असे कळले, आणि ती अर्धी गोष्ट हसण्यातच घालवते. तेव्हा माझी फजिती माझ्याच तोंडून, नीट क्रमाने ऐका.

प्रणाली म्हणजे अमडापूरला आमच्या माडीवर भाड्याने राहायला आलेली मुलगी. मूळची मेहकरची. बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि पीएच.डी.साठी रजा घेऊन आली होती. तिच्या घरात डॉक्टर होणारी ती पहिलीच. रजा दिवाळीला संपणार, आणि पुढे दुसरी मिळणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे उगाच माझी बाजू घेऊ नका.

तिचा विषय, मुलांना इंग्रजी बोलायला कसे शिकवावे. आमच्या घरासमोरच्या शाळेत पाचवीच्या दोन तुकड्या आहेत. अ तुकडीला ती नव्या पद्धतीने शिकवी. वर्गात भाजीबाजार मांडायचा, मुलांनी इंग्रजीतून वांगी विकायची, घासाघीस करायची. ब तुकडीचे तास मात्र नेहमीसारखे. शेवटी दोन्ही तुकड्यांना एकच चित्र दाखवायचे, बोलायला लावायचे आणि फरक पाहायचा.

"आणि मुले चुकली तर?" मी विचारले.

"चुकू द्यायचं, आजी. टोकायचं नाही."

"मग ते शिकवणे कसले?"

"तेच तर पाहून राहिले न मी," ती म्हणाली आणि खडूचा डबा घेऊन निघून गेली.

मी जुनी मॅट्रिक. इंग्रजीत तालुक्यात पहिली आले होते. आमच्या गुरुजींपुढे चुकीचे वाक्य उच्चारण्याची कोणाची छाती नव्हती. त्यामुळे खिडकीतून तो बाजार ऐकताना माझ्या जिवाचे काय होत असेल, याची कल्पना करा. एकाही वाक्यात कर्त्याचा आणि क्रियापदाचा मेळ नाही, आणि वर टाळ्या.

पण तेही मी सोसले असते. सोसवले नाही ते रेणुकाचे रडणे.

रेणुका ही शेजारच्या सुमनची नात, ब तुकडीतली. अखंड बडबड. मी कुठेही निघाले की रस्त्याच्या त्या टोकाहून ओरडायची, "आजी, गुड मॉर्निंग! व्हेअर गोइंग?" तेही दिवेलागणीला. तर ही एके दिवशी आमच्या ओट्यावर येऊन मुसमुसू लागली.

"काय झाले ग?"

"त्याहिले बजार खेळू देते मॅडम. आमाले नाई देत. आमी काय केलं?"

झाले. हा उघड पंक्तिप्रपंच. एका पंगतीत अर्ध्यांना जिलबी आणि अर्ध्यांना नुसते मीठ? विद्यापीठाने सांगितले म्हणून काय झाले? मी तिथल्या तिथे ठरवले, ब तुकडीला मी शिकवीन. तेही खऱ्या पद्धतीने.

प्रणाली शनिवारी दुपारच्या एसटीने मेहकरला आईकडे जायची, ती सोमवारी परतायची. त्यामुळे शिकवणी शनिवारी आणि रविवारी, आमच्या परसात. तिला मुद्दामच काही बोलले नाही. परीक्षेत ब तुकडी चमकली म्हणजे तिला केवढा आनंद होईल, असा माझा समज. हसू नका, पुढे हसायला पुष्कळ जागा आहे.

पहिल्या शनिवारी चार मुले आली. पुढच्या आठवड्यात खडीसाखरेची बातमी फुटली आणि सगळी तुकडी लोटली. नियम मी पहिल्याच दिवशी सांगितले. उभे राहून बोलायचे. हात मागे. पूर्ण वाक्य. आणि मुख्य म्हणजे तोंड उघडण्यापूर्वी वाक्य मनात तपासायचे. कर्ता कोण, काळ कोणता, 'द' लागतो की नाही. चूक झाली की वाक्य पुन्हा पहिल्यापासून.

"आजी, आन् तपासता तपासता इसरलो तं?" रेणुकाने विचारले.

"तर गप्प बसायचे. चुकीचे बोलण्यापेक्षा ते शोभते."

महिन्याभरात काय फरक पडला म्हणून सांगू. परसातला कलकलाट थांबला. मुले हात मागे बांधून, ओठ मिटून, शून्यात बघत उभी राहू लागली. रस्त्यात भेटली की रेणुका नुसते हात जोडायची. सुमन म्हणाली, "बाई, ह्या पोरीले काय केलं तुमी? घरातबी बोलत नाई ते." मी म्हटले, "शिस्त लागली, सुमन. याला शिस्त म्हणतात."

परीक्षेच्या दिवशी बुलढाण्याहून प्रणालीचे मार्गदर्शक सर आले. चहाचा थर्मास घेऊन मीही गेले आणि वर्गात मागच्या बाकावर बसले. निकालाच्या क्षणी जवळ असावे म्हणून.

चित्र आठवडी बाजाराचे होते. आधी अ तुकडी आली. एकेक पोरगे चित्र पाहून सुटले की थांबेचना. "धिस बाई सेलिंग टोमॅटो. दॅट गाय ईटिंग टोमॅटो. बाई व्हेरी अँग्री!" सर माना डोलावत होते. मी कानाला पदर लावून बसले होते.

मग ब तुकडी. पहिला मुलगा आला. ताठ उभा राहिला, हात मागे. माझा ऊर भरून आला. सरांनी चित्र पुढे केले. मुलाने चित्राकडे पाहिले. ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले. वेळ संपली.

दुसरा तसाच. तिसरी तशीच. रेणुका आली. "द…" म्हणाली, विचारात पडली, आणि तो 'द' तिने परत घेतला.

सर खूश. "प्रणाली, फरक बघा हो. इतका स्पष्ट फरक मी आजवर पाहिला नाही."

प्रणाली मात्र पांढरी पडली होती. "पण सर, सुरुवातीच्या चाचणीत हीच मुलं बऱ्यापैकी बोलली होती. अ वर जाईल, ते ठीक. ब खाली कशी जाईल? त्यांना तर कोणी हात लावला नाही."

सरांनी रेणुकाला जवळ घेतले. "भ्यालीस का बाळ?"

"नाई सर."

"मग बोलत का नाहीस?"

"तपासून राह्यले."

"काय तपासतेस?"

"कर्ता कोन, काळ कोन्ता, आन् 'द' लागते का नाई. तपासल्याबिगर तोंड उघडाचं नाई. चुकलं तं शोभत नाई."

"कोणी सांगितलं हे?"

तिला बोलायची गरजच नव्हती. अख्खी ब तुकडी मान वळवून मागच्या बाकाकडे पाहू लागली. माझ्या हातात थर्मास होता. मी म्हटले, "सर, चहा घेता ना?"

प्रणाली घराच्या दाराशी आल्यावर म्हणाली, "आजी, ब तुकडीला काही वेगळं शिकवायचंच नव्हतं हो. त्यांच्याशीच तर तुलना होती. चाचणी झाली की त्यांनाही बाजार मिळणारच होता."

वेगळे काही न करणे हेही संशोधनात मोडते, हे आमच्या मॅट्रिकला नव्हते. पण तिचे डोळे भरलेले पाहिले आणि मॅट्रिकचा विषय मी काढला नाही. दिवाळी तोंडावर आली होती.

सर मनाने मोठे. त्यांनी थोड्या लांबच्या एका गावात दोन नव्या तुकड्या मिळवून दिल्या, महाविद्यालयात शब्द टाकून रजाही वाढवून घेतली. अट एकच, त्या गावात माझे कोणी नातेवाईक नसावे. प्रणाली पहाटेच्या एसटीने जाऊ लागली. तिच्यासाठी डबा करणे मी आपणहून अंगावर घेतले.

"आणि ब तुकडीची तोंडं तुम्ही बंद केली," ती म्हणाली, "ती तुम्हीच उघडून द्यायची. माझ्या पद्धतीने."

म्हणून रविवारी आमच्या परसात बाजार मांडला. गिऱ्हाईक मी, दुकानदार रेणुका. मुले हात मागे बांधून माझ्याकडे बघत होती. मी पिशवी घेऊन पुढे झाले.

रेणुकाने बराच वेळ ओठ हलवले आणि शेवटी हळूच म्हणाली, "आजी… व्हॉट वॉन्ट?"

मला वांगी हवी होती. वाक्य मनात मांडले. 'शुड' घ्यावे की 'वुड'? वांगी मोजून मागावीत की वजनाने? वजनाने, तर मध्ये शब्दयोगी कोणता? मी तपासत राहिले. पुन्हा तपासले. मागे पोरे ढकलाढकली करू लागली.

"आजी," रेणुका म्हणाली, "तपासून नका राहू ना. मांगं लाइन लागली."

"वांगी…" मी म्हटले. "वांगी, गिव्ह."

परसात एकच गिल्ला झाला. सगळी ब तुकडी एकदम बोलायला लागली. रेणुकाने वांगी माझ्या पिशवीत ओतली आणि म्हणाली, "व्हेरी गुड, आजी."

इंग्रजीत मी तालुक्यात पहिली आले होते, हे तुम्हाला सांगितलेच. पण इंग्रजी बोलून मी काही मागितले आणि ते मला मिळाले, असे जन्मात तेव्हाच पहिल्यांदा घडले.