रामदासभाऊंची रजा

आग विझली की लोक घरी जातात आणि आम्ही ओले पाइप गुंडाळत बसतो. हात कामात, तोंड रिकामं. बुऱ्हाणपूरच्या फायर ब्रिगेडमध्ये माझं आयुष्य असंच गेलं आणि किस्से साठत गेले. आता गुडघ्यांपेक्षा तेच जास्त छळतात! निम्म्या किश्श्यांत आमचे ड्रायव्हर रामदासभाऊ आहेत. हा माणूस रजेवर गेलेला मी कधी पाहिला नाही.

*

लोधीपुऱ्यात कापडाच्या गोदामाला आग लागली. गल्ली एवढीशी आणि मधोमध नवी कोरी मोटरसायकल उभी. भाऊंनी हॉर्न वाजवून अख्खी गल्ली गोळा केली. शेवटी एक तरुण दात घासत बाहेर आला.

"गाडी काढ रे बाबा, आग लागली!"

"तो भैया, पहले बताना था ना!"

भाऊ दमलेल्या आवाजात म्हणाले, "चुकलं आमचं. पुढच्या टायमाले आगीच्या आदल्या दिवशी फोन करतो!"

*

ऐन उन्हाळ्यात एका घराचं स्वयंपाकघर पेटलं. विझवून बाहेर आलो तर गाडीमागे हंड्या-बादल्यांची रांग!

"भाऊ, टाकीत पानी उरलं असंन ना? नळ कवाचा आला नाही."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे. मग त्यांनी गुपचूप नळी सोडली.

स्टेशनवर साहेबांनी विचारलं, "एवढ्याशा आगीला पूर्ण टाकी?"

"काय करता साहेब, सगळ्या शेजारपाजाराले झळ लागली होती!"

*

कापसाची आग सगळ्यात वाईट. वरून विझलेली दिसते, आतून धुमसत राहते. एका जिनिंगच्या कारखान्यात आम्ही दिवसभर कापसाच्या गंजी उपसत होतो. डोळे लाल, घशात राख. संध्याकाळी मालक हात जोडून आले. वाटलं, आता चहा तरी सांगतील.

"सगळं बरं झालं," ते म्हणाले, "पन कापूस लई ओला केला तुमी!"

एरवी यावर आम्ही आठवडाभर हसलो असतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. फार थकलो होतो, खरंच.

*

भाऊंच्या मुलीचा, सुनीताचा साखरपुडा होता. भाऊ आगीवरूनच आले, शर्ट ओला, तोंड काळं. मागच्या दाराने शिरत होते, तेवढ्यात वरपक्षाच्या एका काकांनी ताट पुढे केलं, "महाराज, दोन गरम पुऱ्या आना बरं!"

भाऊंनी मुकाट्याने आणून वाढल्या! नंतर ओळख करून दिली, तेव्हा काकांना ठसकाच लागला. सगळे पोट धरून हसले.

सुनीता नाही हसली. बापाला बाजूला घेऊन म्हणाली, "पप्पा, बारशाले तुमी नव्हते, दहावीच्या सत्काराले नव्हते. लग्नात नसले तर मी बोहल्यावर चढनार नाही. सांगून ठेवते!"

पोरगी बोलली तसं करणारी होती. भाऊंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

*

लग्न इच्छापूरला, सुनीताच्या मामांच्या गावी. भाऊंची रजा मंजूर झाली होती. आदल्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरचा पाय मोडला आणि रजा गेली. मुहूर्त दुपारचा होता. भाऊ सकाळपासून खाकी घालून गाडीच्या पायरीवर बसलेले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तिकडे पोरगी अडून बसली असणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मीच उचलला.

"इच्छापूर! लग्नाच्या मांडवापाशी केळीचा पाला पेटला! लवकर या!"

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. गाडी अशी हाणली की मी वाटभर देवाचं नाव घेत होतो.

पोचलो. मांडवापासून चांगलं लांब, मोकळ्या वावरात पाल्याचा एक लहानसा ढीग धुमसत होता. चारी बाजूंनी जमीन साफ केलेली. शेजारी पाण्याने भरलेले दोन ड्रम. ड्रमपाशी सुनीताचे मामा ओलं पोतं घेऊन निवांत उभे. पळापळ नाही, आरडाओरडा नाही. वऱ्हाडी मंडळी हातात अक्षता घेऊन आमच्याच वाटेकडे बघत बसलेली!

मी पाइप ओढायला लागलो, तोवर मामांनी एक बादली ओतली आणि आग विझलीसुद्धा.

मांडवातून भाऊंची बायको टॉवेल आणि नवा कोरा फेटा घेऊन आली.

"आले का तुमी? तोंड धुवा लवकर, पोरगी कवाची खोळंबली!"