बोर्डावर शोभणारं नाव

"बोर्डावर नाव शोभलं पाहिजे ना, पेंटर."

हे वाक्य आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंचं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मी तेव्हा चौथीत. डोंबिवलीतल्या त्या शाळेच्या हॉलमध्ये शिडीच्या पायथ्याशी रंगाचा डबा धरून उभी होते. शिडीवर माझे बाबा होते. बाई खाली, बाबा वर. तरी त्या दोघांत वरचं कोण आणि खालचं कोण, हे मला त्या वयात बरोब्बर कळलं.

पेंटर म्हणजे बाबा. त्यांना नाव होतं. शाळेच्या रजिस्टरात माझ्या नावामागे ते लिहिलेलं होतं. वर्गशिक्षिका मला रोज हजेरीला ते ऐकवायच्या. पण बाबांना हाक मारायची तर पेंटर.

आम्ही ठाकुर्लीच्या चाळीत राहायचो. बाबा साताऱ्याकडून आलेले, हातात ब्रश घेऊन. दुकानांच्या पाट्या, टेम्पोचे मागचे फळे, दवाखान्यांच्या वेळा. नंतर फ्लेक्स आला आणि काम आटलं. पण शाळेच्या हॉलमधला सन्मानफलक फ्लेक्सवर होत नव्हता. लाकडी, काळा, भिंतीएवढा बोर्ड. दरवर्षी त्यावर एक ओळ वाढायची. त्या वर्षीचा आदर्श विद्यार्थी. पिवळ्या ऑइलपेंटमध्ये. मी पहिलीत गेल्यापासून ती ओळ बाबा लिहायचे, पोरीची शाळा म्हणून फुकट.

अक्षर मला त्यांच्याकडून आलं. ते आधी दोरीला खडू फासून ती बोर्डावर ताणायचे आणि मधोमध टिचकी मारायचे. सरळ रेघ उमटायची. मग अक्षरं. वरची रेघ सगळ्यात शेवटी. म्हणायचे, "आधी घर बांध, मग छप्पर घाल."

तिसरीपासून शाळेच्या दारातला फळा मी लिहायचे. वर सुविचार. डावीकडे 'आमचे यश'. उजवीकडे 'आगामी कार्यक्रम'. कोणाचा चित्रकलेत नंबर, कोणाला कराटेत पट्टा, शनिवारी पालकसभा, मंगळवारी बक्षीस समारंभ. दुसऱ्यांचं यश मी रंगीत खडूने इतक्या वेळा लिहिलं की मोजदाद नाही. मोठ्या बाई यायच्या, बघायच्या, म्हणायच्या, "छान. पुस ते कोपऱ्यातलं." झालं.

चौथीत आदर्श विद्यार्थिनी मी झाले. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. गुणांचा तक्ता ऑफिसबाहेर लावलेला. हजेरी, परीक्षा, स्पर्धा, शिस्त. चार रकाने, बेरीज, खाली वर्गशिक्षिकेची सही. पहिलं नाव माझं. दुसरं नाव संस्थेच्या अध्यक्षांच्या नातीचं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा नाही लिहिलं, आताही लिहिणार नाही. का ते पुढे येईल.

शनिवारी बाबांनी बोर्डावर माझं नाव लिहिलं. माझं, त्यांचं, आडनाव. आमचं आडनाव लांब आहे. आणि ते ऐकलं की समोरच्या माणसाला आमचं सगळं कळतं, किंवा कळलंय असं त्याला वाटतं. बाबांनी ते पूर्ण लिहिलं. एरवी जागा कमी पडली की ते अक्षर बारीक करायचे. त्या दिवशी केलं नाही. छप्पर घालताना त्यांनी मला शिडीवर चढवलं आणि माझा हात धरून रेघ ओढली. ब्रश तिच्या टोकापर्यंत न थांबता गेला.

रविवारी निरोप आला. पेंटरला उद्या सकाळी लवकर पाठवा, थोडं करेक्शन आहे.

बाबा घाबरले. त्यांना वाटलं, पोरीचंच नाव आपण चुकवलं. जाताना रस्ताभर विचारत होते, "तुझ्या नावात दुसरी वेलांटी हाय का पहिली?" मी सांगितलं, बरोबर आहे. तरी दोनदा विचारलं.

करेक्शन असं होतं. तक्त्यावर पाचवा रकाना आला होता. छापलेल्या चार रकान्यांच्या बाजूला पट्टीने आखून, पेनाने. 'पालकांचा सहभाग'. अध्यक्षांच्या नातीपुढे दहा. माझ्यापुढे शून्य. शून्य मात्र छान काढलेलं, गोल.

ज्या माणसाचा सहभाग शून्य, तो हातात ब्रश घेऊन त्यांच्या बोर्डासमोर शिडीवर उभा होता.

बाबा म्हणाले, "बाई, पण मी तर..." आणि थांबले. मग बाईंनी ते वाक्य म्हटलं. बोर्डावर नाव शोभलं पाहिजे. पुढे म्हणाल्या, "उद्या पाहुणे येणार, ते वाचतात. मुलगी हुशार आहे हो तुमची, मी नाही म्हणत नाही. तिला उत्तेजनार्थ देऊ की."

बाबा म्हणाले, "एका हातात झाकणार नाही, बाई. खरवडायला लागेल. लांबीची पुट्टी भरायला लागेल. दोन दिवस जातील."

"फंक्शन उद्या आहे, पेंटर."

बाबांनी काळ्या रंगाचा एक हात मारला. माझ्या नावावर. पहिल्यांदा माझं नाव गेलं, मग त्यांचं, मग आडनाव. मी डबा धरून होते. दुपारभर खाली टेबलफॅन लावून ते वाळवलं. मग त्याच ओळीवर, त्याच पिवळ्या रंगात, त्यांनी दुसरं नाव लिहिलं. अक्षर सुंदर आलं. ते वाईट काढता येणं त्यांच्या हातात नव्हतं. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. अजून आहे.

बाईंनी वर बघितलं आणि मला म्हणाल्या, "आता तूही दारातला फळा लिहून टाक. आमचे यश. हिचं नाव मोठं काढ. गुलाबी खडू घे."

मी फळ्याजवळ गेले. 'आमचे यश' लिहिलं. खाली रेघ ओढली. मग खडू ठेवला.

बाई आल्या. "काय झालं?"

मी म्हटलं, "मी नाही लिहिणार."

"का?"

"ते खोटं आहे."

एवढंच. दोन वाक्यं. पुढे कोर्टात उभी राहायला लागले तेव्हा मला लांबलचक बोलायला शिकवलं गेलं, पण त्या दोन वाक्यांहून जास्त काही मला आजही येत नाही.

बाईंनी मला ऑफिसबाहेर उभं केलं, तो तक्ता लावलेला होता त्याच भिंतीला पाठ लावून. येणारा जाणारा बघत होता. दुसरीतली पोरं हसत होती. फळ्याचं काम काढून घेतलं. उत्तेजनार्थ बक्षीसही काढून घेतलं, ज्याचं मला काही वाटलं नाही. घरी गेल्यावर बाबांनी मला मारलं. "शाळेतनं काढतील, कळतंय का? मी लिहिलं ना? मग तुला लिहायला काय झालेलं?"

मी म्हटलं, "तुम्ही का लिहिलंत?"

त्यावर त्यांनी परत मारलं नाही. ब्रश केरोसीनमध्ये टाकले आणि ते धूत बसले. स्वच्छ झालेले ब्रश पुन्हा पुन्हा धूत होते.

दुसऱ्या दिवशी टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी बोर्ड वाचला. त्यानंतर बाबा त्या शाळेत कधी ब्रश घेऊन गेले नाहीत. पुढच्या ओळी दुसऱ्या कोणीतरी लिहिल्या. वाकड्या आहेत.

लोक मला सांगतात, त्या मुलीचा काय दोष. लहान होती. असेल. पण ती माझ्या बाकावर बसायची. तक्ता तिनेही वाचलेला. चार रकाने असताना वाचलेला आणि पाच असतानाही. तिने बक्षीस घेतलं, फोटो काढला. आजही तिच्या प्रोफाइलवर तो फोटो आहे, बोर्डाखाली उभं राहून काढलेला. मला तिची दया करायची सवय लावू नका.

मी वकिली शिकले. कल्याण कोर्टात जाते. त्याहून जास्त वेळ पत्रकं वाटते. आमचं चौघांचं टोळकं आहे. शाळांमध्ये राखीव जागांवर घेतलेल्या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवतात, सहलीला नेत नाहीत, गॅदरिंगमध्ये झाड करून मागे उभं करतात. ते आम्ही कागदावर छापतो आणि त्याच शाळेच्या गेटवर, पालकांच्या हातात देतो. वॉचमन हाकलतो. आम्ही समोरच्या फुटपाथवर जातो. गेल्या महिन्यात पेपरात आमचा फोटो आला. म्हणून हे सगळं सुरू झालं.

एक फोन आला. आवाज तरुण होता.

"हॅलो ताई, मी आपल्या शाळेतून बोलतेय. तुम्ही आमचा अभिमान आहात."

मी विचारलं, "कोणती आपली शाळा?"

तिने नाव सांगितलं. नवीन शिक्षिका होती, बिचारीला काही माहीत नव्हतं. शाळेचं मासिक पत्रक निघतं म्हणाली, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या पालकांना जातं. तेही पाठवलं. पहिल्या पानावर 'आमचे यश'. स्पेलिंग स्पर्धा, स्केटिंग, अ‍ॅबॅकस, आणि शेवटी मी. पेपरातून कापलेला माझा फोटो. 'आमची माजी विद्यार्थिनी.' दुसऱ्या पानावर 'आगामी कार्यक्रम'. वार्षिक बक्षीस समारंभ. प्रमुख पाहुण्या, मी. विशेष उपस्थिती, निवृत्त मुख्याध्यापिका. आदर्श विद्यार्थी पुरस्कार माझ्या हस्ते. खाली निवडीचे निकष छापलेले. पाच. पाचवा आता पेनाने नाही, छापील आहे. पालकांचा सहभाग.

मी नाही म्हणणार होते. शिव्या टाइप करून ठेवलेल्या. पाठवणार तेवढ्यात त्या शिक्षिकेचा मेसेज आला. "ताई, स्टेजवर सांगायला म्हणून सन्मानफलकावर तुमचं नाव शोधतेय. सापडत नाहीये. कोणत्या वर्षी होतात?" सोबत बोर्डाचा फोटो.

फोटो खिडकीच्या बाजूने काढलेला. ऊन बोर्डावर आडवं पडलेलं. मी ती ओळ शोधली. मोठी करून बघितली. त्या मुलीचं नाव होतं, पिवळं, बाबांच्या अक्षरात. आणि त्याच्या खालून काहीतरी फुगून वर आलेलं. काळ्यावर काळं. अक्षरांच्या कडा. तिचं नाव आखूड आहे. ते संपतं तिथे आमचं आडनाव संपत नाही. शेवटची तीन अक्षरं तिच्या नावाच्या बाहेर, रिकाम्या काळ्या जागेत, उठून दिसत होती. वरची रेघसुद्धा. टोकापर्यंत गेलेली.

इतकी वर्षं ती तिथे होती. पाहुणे समोर बसून टाळ्या वाजवत होते.

मी फोन बाबांपुढे धरला. ते आता एका फ्लेक्सच्या दुकानात मशीनवर बसतात. चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"एका हातात झाकत न्हाई म्हणून सांगितलं होतं बाईला," ते म्हणाले.

"बाबा, खरवडायला वेळ होता. तुम्ही दुपारभर तिथे बसलेलात."

"होता."

"मग?"

"पॉलिशपेपर पिशवीतच होता. काढलाच न्हाई. तुझं नाव होतं, ते काय खरवडायचं?" मग चष्मा काढून म्हणाले, "नाही म्हणता आलं न्हाई मला. तुला आलं. आणि घरी येऊन तुलाच मारलं मी."

मी त्यांना माफ केलं का? ते माझं आणि त्यांचं आहे. या कागदावर येणार नाही. मी फक्त विचारलं, "वरचं घासून खालचं निघतं का?"

त्यांनी फोटो परत मोठा केला. कामाला लागल्यावर पूर्वी जसा चेहरा व्हायचा तसा झाला. "पॉलिशपेपर पाण्यात भिजव. जोर लावायचा न्हाई. वरचं पिवळं जाईल, मग काळं. खालची अक्षरं उंच हायत, ती आधी लागतील. पिवळं दिसलं की थांब."

"आणि त्यांनी अडवलं तर?"

"अर्धं तरी निघेल."

काही मित्र म्हणतात, निवेदन दे, माहितीच्या अधिकारात तक्ता माग. तक्ता केव्हाच रद्दीत गेला असेल. मला पुरावा नको आहे. पुरावा हॉलमध्ये टांगलेला आहे, त्यांनीच जपलाय, दर दिवाळीला पुसून घेतात. कोणी म्हणतं, मोठ्या बाई म्हाताऱ्या झाल्या, आता काय. झाल्या असतील. सत्तरी ओलांडलेल्या बाईला वाचता येतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय असं कळलं, म्हणजे आता जास्तच स्पष्ट दिसत असेल. शाळेची मालमत्ता खराब केली म्हणून तक्रार झाली तर होऊ दे. त्यात कोणाचं नाव कोणावर लिहिलं होतं, हे त्यांनाच लिहून द्यावं लागेल, खाली सही करून. मला तेवढंच हवंय.

शिक्षिकेला मी कळवलं, येते. भाषण पाच मिनिटांचं दिलंय, पुरे आहे. दोन मागण्या केल्या. मोठ्या बाईंना पहिल्या रांगेत मधोमध बसवा, आणि हॉलमध्ये एक शिडी ठेवा. ती म्हणाली, "शिडी कशाला, ताई?" मी म्हटलं, "बोर्डावर माझं नाव तुम्हाला सापडत नाहीये ना. दाखवते."

पिशवी भरली आहे. पॉलिशपेपरचे चार कागद, पाण्याची बाटली, एक फडकं. बाबांनी दुकानात सुट्टी टाकली आहे. शिडी ते धरणार. चढणार मी.

आधी पाचवा रकाना माइकवरून वाचून दाखवेन. समोर बसलेल्यांपैकी ज्यांच्या पोरांपुढे शून्य लागलंय, त्यांनी हात वर करावेत असं सांगेन. मग माइक खाली ठेवेन.

तीन अक्षरं आधीच बाहेर आली आहेत. बाकीची मी काढते.