बिबा उतला तेव्हा

भाच्याच्या हळदीत मी एवढी नाचले की घोटा मुरगळला. दुसऱ्या दिवशी इंदिरानगरच्या घरी पाय उशीवर ठेवून बसले होते, तर लग्नासाठी सिन्नरकडच्या खेड्यातून आलेली मावशी म्हणाली, "डॉक्टर कशाला? बिबा हाय ना माझ्याकडं." तिनं बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला, त्याचं काळं तेल घोट्यावर टेकवलं. मीही ते बोटांनी चोळून घेतलं.

दोन दिवसांनी खाज सुटली ती अशी, की शाळेत शिकवताना फळ्याकडे तोंड करून लिहिताना मी एक पाय दुसऱ्यावर घासत होते. मुलं खिदळत होती. संध्याकाळी घोट्यावर पाण्याचे फोड. सकाळी उजवा डोळा सुजून अर्धा मिटलेला.

"बिबा उतला गं बाई," मावशी हळूच म्हणाली. "खोबरेल लाव, बसल." मी तिलाच रिक्षात घातलं आणि गंगापूर रोडवरच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी आधी डोळा पाहिला. दम लागतोय का, ओठ सुजलेत का, ताप आहे का, सगळं विचारलं. "नुसता घोटा असता तर एखादा दिवस थांबून चाललं असतं. डोळा सुजला की लगेच यायचं. तोंड सुजलं, श्वास अडला, तर इथं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात. फोड फोडू नका. पू झाला, ताप आला तर परत या."

"फोडातल्या पाण्यानं पसरतं ना?" मावशीनं विचारलं.

"नाही आजी, तेलाच्या बोटांनी पसरलं. तेव्हाच साबणानं हात धुतले असते तर डोळा वाचला असता."

"मला तर कधी उतलं नाय."

"प्रत्येकाची कातडी वेगळी असते."

"मग माझी गेंड्याची म्हणा की!"

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की पेन खाली पडलं. एका डोळ्यानं मीही हसले.

मावशीनं मुक्काम वाढवला. गोळ्या, मलम यांच्या वेळा तीच पाळायची, गार पाण्याच्या घड्या ठेवायची. डोळा चार दिवसांत उघडला. घोट्याची साल निघून नवी कातडी यायला तीन आठवडे लागले.

परवा तिचा फोन आला. शेजारणीच्या हातावर बिब्यानं फोड आले होते आणि गालही सुजला होता. "तिला जीपमध्ये बसवून डॉक्टरकडं नेली," मावशी ऐटीत सांगत होती, "आन् वाटेत लय दटावलं, खाजवायचं नाय म्हणून!"