मोटारीचं तेल आणि चार बैलगाड्या
जळक्या तेलाचा वास आला की अजून माझी कंबर दुखू लागते. सुप्यात लाकडाच्या ठेकेदाराची जोरात पळणारी मोटार मी चालवत होतो, आणि दुसऱ्या दिवशी मालकांना लेकीच्या सोयरिकीसाठी जोयड्याला जायचं होतं. भर उन्हात अंगणात मोटारीखाली पडून मी जुनं काळं तेल डब्यात काढलं. बैलगाडीच्या कण्याला लावायला ते मागत एक गाडीवान आला. दमलेला मी पडल्या पडल्याच म्हणालो, "तो डबा घेऊन जा." बाहेर आलो तर काळं तेल जागेवर आणि बेळगावहून मागवलेलं नवं तेल गायब. धावत गेलो तर गाडीवान हात पुसत म्हणाला, "लई झ्याक तेल हाय अण्णा, चार गाड्यांना पुरलं." मालक म्हणाले, "ती काळी घाण माझ्या मोटारीत परत घालायची न्हाई. आणि सोयऱ्यांच्या दारात मी मोटारीतूनच उतरणार." बेळगावहून दुसरं तेल रातोरात येणार नव्हतं, मग पहाटे त्याच गाडीवानाच्या बैलगाडीला मागून मोटार बांधली. मी स्टिअरिंग धरून धक्के खात, मालक मागे फेटा सावरत. जोयड्यापर्यंत बैलगाडी एकदाही कुरकुरली नाही. कुरकुर राहिली ती माझ्या कंबरेत.