पुतळ्याच्या अंगावरचं

"ह्या पुतळ्याच्या अंगावर हाय, त्येच काढा."

कापडाच्या दुकानाबाहेर, पायरीच्या खाली उभं राहून तात्या एवढंच म्हणायचे आणि दारातल्या पुतळ्याकडं बोट दाखवायचे. आत जाणं नाही, रंग विचारणं नाही. कपडे खरेदीचा कंटाळा असलेले पुरुष तुम्हीही पाहिले असतील. कुणी दुकानाबाहेर गाडीवर बसून राहतो, कुणी बायकोला नंबर सांगून मोकळा होतो. तात्यांना बायको नव्हती आणि नंबर माहीत नव्हता.

खरं नाव सांगत नाही, सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांना सगळे तात्याच म्हणत. ते तोलाईदार, म्हणजे हळदीची पोती काट्यावर घेऊन वजन सांगणारे. मी त्याच अडत दुकानात हिशेब लिहायला, म्हणून मी 'दिवाणजी'. दिवसभर दुनियेची वजनं सांगणाऱ्या या माणसाला स्वतःच्या कमरेचं माप विचारलं, तर उत्तर यायचं, "हाय की, पोत्यायवढी." गाव म्हसवडकडचं. थोरल्या भावांच्या पोरापोरींची लग्नं लावता लावता यांचं राहून गेलं आणि पन्नाशी कधी ओलांडली ते कुणाला कळलं नाही.

पहिल्यांदा मी त्यांच्यासोबत गेलो तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, आत या की. तुमच्या मापाचं दाखवतो."

"आत नगं. आत गेलं की तुमी ढीग वतता. मला एक पायजे."

"पण हा पुतळा बारीक आहे, काका."

"आसू दे. त्येनं आदी घालून बगितलंय न्हवं? मग मी कशाला डोस्कं लावू?"

शेवटी भर बाजारपेठेत पुतळा उघडा करावा लागला. समोरून कॉलेजच्या मुली चालल्या होत्या. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पुतळ्याच्या कमरेला नीट गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणाले, "पुतळा असला म्हनून काय झालं? इज्जत हाय त्याला." टॉवेल तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो, तर दुकानात तो घडी करून ठेवला होता, धुऊन.

पुतळा घालेल ते घालायचं म्हटल्यावर काय काय होणार, हे तुम्हीच समजून घ्या. एकदा तात्या गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून यार्डात आले. हळद घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ती बघितली, चुकचुकला आणि म्हणाला, "आरारा! हिकडं ये, बस." तात्यांना पोत्यावर बसवून त्याने पोती शिवायचं दाभण घेतलं आणि दोन्ही गुडघे सुतळीने घट्ट शिवून टाकले. पुढं ती पँट गुडघ्यात वाकेना. चार दिवस तात्या कवायत केल्यासारखे चालत होते.

मग लग्नसराई आली. पुतळ्याच्या अंगावर शेरवानी चढली आणि दुसऱ्या सकाळी तात्यांच्याही. सोनेरी बटणांची शेरवानी घालून ते काट्यापाशी उभे. सौद्याला जमलेले व्यापारी बघतच राहिले.

"काय तात्या, आज हळद हाय जनू?" एक हमाल ओरडला.

"आपल्याला हळद रोजच हाय," तात्या म्हणाले आणि पोतं काट्यावर ओढलं. दुपारपर्यंत शेरवानी पिवळीधमक झाली होती. आता खरोखरच नवरदेव हळदीतून उठून आल्यासारखा दिसत होता.

चहा पिताना मी एकदा विचारलं, "तात्या, दुकानात जायला एवढं काय होतं हो तुम्हाला?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "आरसं असत्यात गड्या. हिकडं एक, तिकडं एक, म्होरं एक. मानूस एक जातोय आन चार दिसत्यात. चौघं बी एकटंच." मग बशी तोंडाला लावली आणि तो विषय तिथंच संपला.

त्यानंतर, कधी ते नेमकं सांगता येणार नाही, पण तात्यांचे कपडे त्यांना बसायला लागले. आधी शर्टाची बटणं पोटावर ताणलेली असायची आणि पँट चार बोटं दुमडलेली. आता शर्ट ऐसपैस येऊ लागले. रंगही बदलले. मोहरीचा, मातकट, पिवळ्या चौकडीचा. हळद उडाली तरी कळू नये असे. टी-शर्टाला खिसा असायचा, आणि तात्यांना तर तंबाखूच्या डबीसाठी खिसा लागायचाच. हमाल म्हणू लागले, "तात्या, लय चमकाय लागलाय की!" तात्या म्हणायचे, "मी कशाचा? पुतळा सुदारलाय."

मला राहवेना. एका संध्याकाळी मी एकटाच त्या दुकानात गेलो. पुतळा दारात उभा होता आणि त्याला चांगलं गरगरीत पोट सुटलं होतं. मी शर्टाखाली हात घालून पाहिलं. चिंध्यांचं गाठोडं, सुतळीने पाठीमागं बांधलेलं.

"हात नका लावू, ढिलं होतंय ते," आतून आवाज आला. पंचेचाळिशीच्या एक बाई टेप गळ्यात टाकून बाहेर आल्या. रोज सकाळी पुतळ्याला कपडे घालण्याचं काम त्यांचं. मूळच्या रहिमतपूरच्या. नवरा गेल्यावर भावाकडं सांगलीला आल्या आणि या दुकानात लागल्या.

"पोट कुणासाठी?" मी विचारलं.

"हळदीच्या यार्डातनं एक जण येतात. आत काही येत नाहीत. मग म्हटलं, माप बाहेर न्यावं." त्या पोटाची गाठ नीट करत होत्या. "मालकानं पण विचारलं, पुतळ्याला पोट कशाला? मी म्हटलं, गिऱ्हाइकाला नसतं का?"

"पण त्यांच्यासाठी एवढं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "पुतळ्याला टॉवेल नेसवून गेलेला माणूस पाहिलाय का तुम्ही कुठं? मी पाहिला." आणि लगेच, "सांगू नका हं त्यांना. लाजून दुकान बदलतील."

मी नाही सांगितलं. तात्या दर महिन्याला एकतरी कपडा आणू लागले. एरवी वर्षातून एक-दोनदाच नवं घेणारा माणूस! आता तर घरी जाताना मुद्दाम बाजारपेठेतून वळसा घालून जायचे. मी चिडवलं की म्हणायचे, "काय न्हाई रं. आज त्येनं काय घातलंय, बगावं म्हनलं."

आणि एके दिवशी तात्या यार्डात तोंड पाडून आले. चहा नको म्हणाले.

"काय झालं?"

"पुतळा आजारी हाय, दिवाणजी."

मला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा बघून आवरलं.

"हसू नगंस. चांगला भरल्याला हुता. काल बगतोय तर प्वाट खपाटीला. गुलाबी कायतरी घातलंय त्येला, आंगाला चिकटल्यालं. मी घेतलंच न्हाई."

मग मात्र मी सगळं सांगितलं. गाठोडं, सुतळी, टेपवाल्या बाई, खिसा आणि रंगसुद्धा. तात्या काट्यावरच बसले. काट्यावर त्यांचं वजन दिसत राहिलं, पण बघायला कुणाला सुचलं नाही.

"बाईमानूस? माज्यासाठी?"

"तुमच्यासाठीच."

"आन मी पुतळ्याला चांगला म्हनत बसलो!"

तसेच उठले. मी मागोमाग. पायरीपाशी ते थांबले, चपला काढल्या आणि देवळात शिरल्यासारखे आत गेले. चारी बाजूंनी आरसे, आरशांत हळदीने माखलेले तात्या. त्यांनी मान खाली घातली. तोच पोरगा धावत आला. काका आत आलेले बघून त्याचा विश्वासच बसेना.

"काय दाखवू, काका?"

"पुतळ्याला कापडं घालत्यात न्हवं, त्या बाई दावा."

पोरगा माझ्याकडं बघू लागला. बाईंना मालकांनी साड्यांच्या विभागात घातलं होतं. त्या आल्या, हातात अर्धी उलगडलेली साडी. तात्यांनी मान वर केली नाही.

"आवं, पुतळ्याचं प्वाट गेलं," ते फरशीला म्हणाले.

"मला साड्यांत टाकलं ना. आता त्याला पोरं कपडे घालतात."

"मग आता मी काय घालू?"

बाई काहीतरी उत्तर देणार होत्या, पण त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते हातातल्या साडीलाच पुसलं. मालक गल्ल्यावरून ओरडला, "अहो, विकायची साडी आहे ती!"

"मी घेतो," तात्या म्हणाले.

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पुतळ्याला न विचारता घेतलेला कपडा म्हणजे ती साडी.

लग्न साधंच झालं. दोन्हीकडची मोजकी माणसं आणि आम्ही यार्डातले. लग्नानंतर तात्यांनी काटा सोडला. आता दोघं म्हसवडजवळ गावाकडं राहतात. बाई कपडे शिवतात, तात्या शेरडं राखतात. यार्डात नवा तोलाईदार आला आहे. चांगला आहे, पण त्याचे कपडे त्याचे तोच घेतो, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही.

गेल्या दिवाळीआधी बायको माहेरी गेली होती, म्हणून मला एकट्याला शर्ट घ्यायला जावं लागलं. दुकानदाराने समोर ढीग ओतला. मला काही सुचेना, म्हणून मी तात्यांना फोन लावला.

"थांब, तिला इचारतो," ते म्हणाले. मग फोन बहुतेक ओसरीवर ठेवला.

"दिवाणजीला शर्ट पायजे. निळा सांगू?"

"नको. निळा घातला की ते वॉचमन दिसतात."

"आगं, गोरा हाय त्यो."

"कुठं गोरा? तुमच्या शेजारी उभे राहतात म्हणून दिसतात तसे."

"बरं, मग हिरवा?"

"आधी ती शेरडं बघा, भोपळ्याच्या वेलात शिरलीत."

"तूच बग. मी शर्टाचं बगतोय."

"काय बघताय? चहा गार झाला तुमचा."

"मग जरा कडत करून दी की."

"ते कोण बोलतंय फोनमधनं?"

"कुनी न्हाई गं. च्या आन."

दुकानदार शर्ट हातात धरून "हा देऊ का?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता. मी त्याला गप्प राहायची खूण केली आणि फोन कानाला लावून तसाच ऐकत राहिलो.