मानेवरचा हात

ताई गेली त्याला सहा आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत चढत होतो. भाची एवढंच म्हणाली, "मामा, सावकाश या." काय ते समजलं. तेव्हापासून एका जागी बसवत नाही... लिहायला बसतो, उठतो, पुन्हा बसतो.

थोरली बहीण माझी. लोह्याजवळच्या आमच्या बौद्धवाड्यातून शिकून बाहेर पडलेली पहिली पोरगी, नांदेडात फिजिओथेरपिस्ट झाली. जबडा अडकलेली माणसं दातांच्या डॉक्टरांना दाखवून दाखवून थकली की तिच्याकडं यायची, अन् ही आधी त्यांची मान तपासायची. मी एकदा हसलो, तर जेवतानाच तिनं माझी मान मागून घट्ट धरली. "घे आता घास." तोंड पुरतं उघडेचना. हात काढला तसं डोकं आपोआप जरा मागं गेलं अन् घास आत. "तोंड उघडणं एकट्या जबड्याचं काम न्हाई, बाबा. मानेला संगं चालावं लागतं." जेवण होईस्तोवर मला चिडवत राहिली.

या हिवाळ्यात तिला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. बसवून चमच्यानं भरवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी रजा टाकून गेलो. डोकं लटपटू नये म्हणून डाव्या हातानं मान गच्च धरायचो, उजव्यानं पेज. दोन-तीन चमच्यांनंतर तोंड जेमतेम उघडायची, चांगल्या हातानं माझा हात ढकलायची. नको म्हणते, असं समजून मी वाटी खाली ठेवायचो. असे आठ दिवस गेले. हिला जगायचंच नाही, म्हणून मनातल्या मनात चिडायचोसुद्धा... मी, तिचा भाऊ, ज्याला तिनं स्वतः मान धरून शिकवलं होतं तोच!

नवव्या दिवशी तिची एक विद्यार्थिनी भेटायला आली. तिनं माझा हात बाजूला केला, पाठीला उशी लावली, डोकं मोकळं ठेवलं. ताईनं तोंड उघडलं. अख्खी वाटी संपवली. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, तेच सोसत नाही.

मी दोन दिवसांसाठी लातूरला परतलो अन् दुसरा झटका आला. खाण्याशी त्याचा संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत.

हल्ली घरात कुणी जेवायला बसलं की माझी नजर त्याच्या मानेवर जाते. परवा बायकोनं विचारलं, काय बघून राहिले एवढं? काही नाही म्हणालो. तिला भूक लागली होती, दर घासाला डोकं किंचित मागं जात होतं. ताईलाही आठ दिवस भूक होती.