शहाणं होणारं हाड

चौगुलेबाईंची बोटं कायम जांभळी असायची. काचपट्टीवरच्या ऊतींना रंग देताना त्या हातमोजे विसरत आणि तीच बोटं नाचवत वर्गात शिरत. "आज यकृत बघायचंय. लय देखणं हाय," असं त्या म्हणाल्या की पेंगणारी पोरंही मायक्रोस्कोपकडे धावत. बाई सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या. एरवी शुद्ध बोलत. भिंगाखाली काही गवसलं की मात्र गावची बोली तोंडात यायची.

सत्तरच्या दशकात आम्ही एकाच मेडिकल कॉलेजात शिकवत होतो. एका सकाळी त्या धापा टाकत माझ्या टेबलाशी आल्या. शिदू नावाचा म्हसवडचा जवान रजेवर आला होता. त्याच्या मांडीत दगडासारखी गाठ झाली होती. तपासणीत हाडाचा कर्करोग निघाला आणि दुसऱ्या दिवशी पाय कापायचं ठरलं. त्या गाठीची काचपट्टी बाईंनी वर्गात दाखवायला म्हणून मागून आणली होती.

"आधी मधे बघा," त्या म्हणाल्या. पेशींचा नुसता गोंधळ होता. "आता हळूहळू कडेला या."

कडेला पेशी ओळीनं लागल्या होत्या. तिथं पक्कं हाड तयार झालं होतं.

"कर्करोग कडेला माजतो. हे तर कडेला जाताना शहाणं होतंय की."

आम्ही तडक वॉर्डात गेलो. "मांडीला मार लागला होता का रं?" बाईंनी शिदूला विचारलं.

"व्हय. गावी आल्या आल्या बैलानं लाथ घातली. पन ते कुनी इचारलंच न्हाई."

"मुका मार बसला की मांसात कधी कधी असं हाड धरतं, तो कर्करोग न्हवं," बाई मला म्हणाल्या.

पाय कापू नका म्हटल्यावर सर्जन चिडले. "तुमचं चुकलं तर पोरगा जाईल, बाई."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणूनच म्हणते, तुम्ही स्वतः बघा."

सर्जन बराच वेळ भिंगात पाहत राहिले. मग म्हणाले, "थांबू या. काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढू."

त्या आठवड्यांत बाईंना धड जेवण गेलं नाही. गाठ वाढली नाही. पुढं तर आक्रसू लागली.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की शिदूला घरी सोडलं तो दिवस डोळ्यांपुढं येतो. "पळून दाखव," बाई म्हणाल्या. लांबलचक व्हरांड्यात तो आधी लंगडत चालला, मग पळाला. त्याची आई भिंतीला धरून बघत होती.

"दुखतंय का रं?"

"दुखतंय की थोडं," शिदू हसत म्हणाला. "आनि एकदा जाऊन येऊ का?"

बाईंनी मान डोलावली, आणि तो पुन्हा पळत सुटला.